कशालाच न टेकणारी शिडी

शिडी कशाला तरी टेकवावी लागते, हे इतकं उघड आहे की त्याचा कुणी विचार करत बसत नाही. माझ्या यजमानांनी केला. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि छताकडे बघत पडून राहण्याखेरीज त्यांना दुसरं काम नव्हतं.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. मागचं दार उघडलं की मालकिणीची विहीर, विहिरीपलीकडे माळ, माळाच्या टोकाला रेल्वेची लाईन. आज तिथे कारखान्याला कारखाना लागून उभा आहे आणि माळ कुठे होता ते मलाही नक्की दाखवता येणार नाही. तेव्हा त्या बाजूला एकच नवा कारखाना होता. थंडीत सकाळी धुकं असलं की त्याची नुसती छपरं दिसत, खालच्या भिंती दिसत नसत. पत्र्याची लांबलचक छपरं हवेत तरंगत पुण्याकडे निघाली आहेत असं वाटे. मी ते बघत चूल पेटवायची. धूर डोळ्यांत गेला की डोळे पुसायचे, तोवर छपरं जमिनीवर आलेली असायची.

हे त्या कारखान्यात वायरमन होते. शेड उंच, दिवे मधोमध टांगलेले, आणि शिडी बांबूची. भिंतीजवळचं काम असलं तर ठीक. मधल्या दिव्याला हात घालायचा तर शिडी टेकवणार कशाला? मग ती एखाद्या खांबाला तिरपी बांधायची आणि दोघांनी खालून धरून ठेवायची. एक दिवस धरणाऱ्यांपैकी एकाला कुणीतरी हाक मारली. त्याने मान वळवली, तेवढ्यात शिडीचा पाय तेलावरून सरकला. ह्यांची नडगी मोडली.

हाड सांधलं. पाय किंचित ओढत चालावं लागे, पण चालता येई. कारखान्याने काढून टाकलं नाही, टूलरूममध्ये बसवलं. तिथे पाने, हातोडे, करवती मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. पगार तोच. मला त्यात वाईट काही दिसेना. पण हे घरी येत ते कुणाच्या तरी अंत्ययात्रेहून आल्यासारखे.

“मी वायरमन आहे, कोठीवाला नाही,” असं एकदा म्हणाले, आणि मग पुन्हा म्हणाले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं. रस्त्याने जाताना दिव्याचा खांब आला की त्यांची चाल मंदावायची. ओढा आला की बैल थांबतो तसे ते थांबत, वर बघत, आणि मग माझ्या मागून यायला लागत.

फोरमनकडे जाऊन त्यांनी विचारलं. फोरमन कोकणातले, कोरडे गृहस्थ, शब्द तोलून टाकणारे. त्यांच्यात काय झालं ते ह्यांनी घरी जसंच्या तसं सांगितलं.

“साहेब, मला परत लाईनीवर घ्या.”

“जुन्या शिडीवर तुला चढवणार नाही. आणि जुळवलेल्या पायावरही तुला चढवणार नाही.”

“मग मी काय करू?”

“बस ना. बसायला स्टूल दिलंय.”

म्हणजे प्रश्न दोन होते. शिडी सुधारणं ह्यांच्या हातात होतं. पाय जेवढा सुधारायचा तेवढा सुधारला होता.

प्लास्टर असतानाच त्यांना एक स्वप्न पडायला लागलं होतं. माळावर शिडी उभी आहे. मागे भिंत नाही, झाड नाही, खांब नाही. गुरं तिच्याखालून चरत जातात. हे चढतात, चढतच राहतात, आणि वर पोचल्यावर काय असतं ते आठवत नाही. हे त्यांनी मला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. मी म्हटलं, “रात्री वाल खाल्ले होते.” पण स्वप्न वालांचं नव्हतं, कारण पुढे मी वाल करणं बंद केलं तरी ते येत राहिलं.

मग, पायासाठी घरी होते तेव्हाच, त्यांनी कोळशाने फरशीवर शिडी काढायला सुरुवात केली. आमच्या पुढच्या खोलीत शहाबादी फरशी होती, काळसर, गार. दुपारी मी पदर डोक्याखाली घेऊन तिथेच आडवी होत असे. जाग येई तेव्हा माझ्या बाजूला एक शिडी आडवी असे, माझ्याच उंचीची. संध्याकाळी मी फरशी पुसत असे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येई, थोडी वेगळी होऊन. एकदा मी पुसताना विचारलं, “आजची ठेवायची आहे का?” ते म्हणाले, “नको, ही पडते.” फरशीवर काढलेली शिडी कशी पडते ते मला कळलं नाही, पण मी पुसली.

दोन शिड्या माथ्यापाशी जोडून पाय फाकवायचे, की घोडा होतो. रंगारी असा घोडा वापरत, त्यात नवं काही नव्हतं. पण शेडच्या दिव्यापर्यंत पोचेल एवढा उंच घोडा केला तर तो दारातून आत यायचा नाही आणि यंत्रांच्या मधून वळायचाही नाही. म्हणून ह्यांनी दोन पायांच्या मध्ये तिसरी शिडी बसवायची ठरवली. एरवी ती आत दडून राहील, लागेल तेव्हा वर सरकेल. काम झालं की सगळं मिटून एका फळीसारखं होईल आणि एकटा माणूस खांद्यावर टाकून चालू लागेल.

पहिला नमुना त्यांनी ज्वारीच्या धाटांचा केला. लहान मुलं धाटांच्या गाड्या करतात तसाच, बाभळीचे काटे टोचून. तो मिटत होता, उघडत होता, वाढतही होता. कोनाड्यात देवांशेजारी ठेवला होता. वाऱ्याने आपोआप मिटायचा आणि टक् असा बारीक आवाज यायचा. अर्धवट झोपेत मला वाटायचं, कुणीतरी आत आलं.

खरी शिडी करायला मिस्त्री भेटले. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. त्यांचे वडील आणि आजोबा बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचे. मिस्त्रींनी सायकलदुरुस्ती आणि वेल्डिंग सुरू केलं होतं. धावेचं कामही सोडलं नव्हतं. अंगाने आडवे, हसले की डोळे बंद व्हायचे. धाटांचा नमुना त्यांनी तळहातावर घेऊन उघडमीट करून पाहिला.

“घोडा नाही हा, भाऊ. हा उंट आहे. बसतो तेव्हा एवढासा, आणि उठला की आपण खाली राहतो.”

“करता येईल?”

“येईल हो. लाकडाचं तुम्ही बघा, लोखंडाचं मी बघतो. उंट पडला तर दोघं मिळून रडू.”

सागवानी पट्ट्या आल्या, पायऱ्या बसल्या, बिजागऱ्या बसल्या. अडलं ते एका जागी. वर सरकवलेली मधली शिडी तिथेच थांबवायची कशी? आधी भोकं पाडून त्यांत लोखंडी खुंट्या घालायचं ठरलं. खुंट्या हरवत. एका बाजूची घातली आणि दुसरीची राहिली, असं पहिल्याच दिवशी झालं. मग मिस्त्रींनी आकड्यासारखे दोन खटके केले, सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग लावून. मधली शिडी वर ढकलली की खटके आपोआप पायरीखाली येऊन बसत. सोडवायचे तर दोन्ही खटक्यांना बांधलेला एकच दोर खालून ओढायचा. दोर ओढला की खटके मागे सरत आणि मधली शिडी मोकळी होई.

रोज सकाळी शिफ्टच्या आधी मागच्या अंगणात तालीम चाले. मिस्त्री दुकान उघडण्याआधी येत. हे शिडीच्या पोटात उभे राहून म्हणत, “वाढवा.” मिस्त्री दोर ओढत, हे मधली शिडी वर रेटत, मिस्त्री दोर सोडत, खटके बसत. पुन्हा “वाढवा”, पुन्हा तसंच. सोपं होतं. नाचणाऱ्यांना ढोलकीची थाप कळते तशी मिस्त्रींच्या हाताला ती हाक कळायला लागली.

माझं काम बघायचं. दोन्ही बाजूंना खटका नीट बसला की नाही ते मला बाहेरून दिसे.

“खटका उडाला का गं?”

“उडाला.”

“आता?”

“डावा बसला. उजवा अजून उडतोय.”

आमची मालकीण जुन्या गावातली, मावळाकडची. भिंतीपलीकडे तिचा गोठा. एक दिवस दूध घालायला आली आणि उंबऱ्यावरच बसली.

“पोरी, एक इचारू का? राग न्हाई ना धरायची?”

“विचारा की मावशी.”

“रोज सकाळच्या पारी तुमचं खटकं उडत्यात. म्या ऐकते. आनि त्यो मिस्त्री बिचारा मधी पडतुया. आगं, नवरा पायानं अधू झालाय, जरा दमानं घे.”

मी तिला मागे नेऊन खटके दाखवले. तिने बोट लावून पाहिलं, पटकन मागे घेतलं आणि म्हणाली, “व्हय, ह्ये बी चावतंय.” तरी गल्लीत आमच्या भांडणांची बातमी पुढे बरेच दिवस टिकली.

माणूस वर जाण्याआधी वजन ठेवून बघावं म्हणून मधल्या शिडीवर वाळूचं पोतं बांधलं. खटक्यांनी ते पेललं. मग मिस्त्रींनी सहज दोर ओढला, आणि पोतं मधल्या शिडीसकट धाडकन खाली आलं. कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या.

हे म्हणाले, “माणूस वर असताना दोर कोण ओढणार आहे?”

मी म्हटलं, “कुणीतरी ओढतं. मागच्या वेळी कुणीतरी हाक मारलीच होती.”

मी विहिरीवर निघाले होते, घागर काखेत होती. दोराचा फास घागरीच्या गळ्यात घालताना मला सुचलं ते मी बोलले, त्यात फार डोकं नव्हतं. “हा फास बघा. भरलेली घागर लोंबत असताना तो सोडून दाखवा. नाही सुटणार, कारण ओझंच त्याला आवळून धरतं. काठावर टेकली की एका बोटाने सुटतो. तुमचा खटका असा का नाही?”

मला वाटलं विषय संपला. पण ह्यांनी माझ्या हातातून दोर घेतला आणि घागर आत सोडली. भरून ओढली, फास चाचपला, टेकवली, सोडवला, ओतली, पुन्हा सोडली. पावसाळा सुरू झाला होता. विहिरीत पाणी वर आलं होतं, त्यात ढग दिसत होते, आणि घागर दरवेळी त्या ढगांत बुडून वर येत होती. हे काही शोधताहेत की नुसतेच बघताहेत, ते सांगता येत नव्हतं. मी भाकरी करून परत आले तरी चाललंच होतं. मालकीण कुंपणाशी उभी होती.

“आता गडीमानूस पानी भरतुया,” ती मला हळूच म्हणाली. “ज्वर-बिर हाय का?”

मिस्त्रींनी खटके नव्याने घडवले. आकड्याच्या पोटात खोल खाच ठेवली. शिडीवर भार असला की पायरी त्या खाचेत बसे आणि तिथून हलत नसे. दोर कितीही ओढा, खटका मागे सरायचा नाही. आधी मधली शिडी बोटभर वर उचलायची, पायरी खाचेतून काढायची, मगच दोर ऐकायचा. म्हणजे वर कुणी उभं असताना शिडी सुटणारच नाही, कारण त्या माणसासकट तिला उचलणार कोण? पोतं पुन्हा चढलं. मिस्त्री दोराला लोंबकळले तरी ते जागचं हललं नाही.

श्रावणात शिडी पूर्ण झाली. हे कामावर गेले की ती मागे अंगणात उभी असायची, मधली शिडी वर काढलेली, कशालाच न टेकता. पाऊस थांबून ऊन पडलं की तिची सावली माळावर लांबवर जाई आणि संध्याकाळी रुळांपर्यंत पोचे. मालगाडी त्या सावलीवरून जाताना मी पाहिली आहे. वरच्या पायरीवर कावळे बसत. गुरं तिच्या पायांमधून जात. ते स्वप्नातल्यासारखंच होतं. फक्त चढणारा माणूस नव्हता.

कारण हे चढत नव्हते. कुणाला ते पटकन लक्षात आलं नसतं. कधी बिजागरीला तेल द्यायचं असे, कधी पायाखाली रबर ठोकायचं असे, कधी पाऊस असे. दर वेळी पोतं वर जाई आणि हे दोन-तीन पायऱ्या चढून, काहीतरी तपासून, खाली उतरत. उतरताना दुखऱ्या पायाची पोटरी थरथरायची, पायजम्यातून दिसायची. मी त्यावर काही बोलले नाही. बोलून पोटरी थांबत नसते.

खंडेनवमी जवळ आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची आणि हत्यारांची पूजा असते. हत्याराला हळदकुंकू लागलं की त्या दिवसापुरती त्याला विश्रांती. घरची मंडळी कारखाना बघायला येतात. ह्यांनी फोरमनला सांगितलं की माझी शिडीही पूजेला मांडतो. फोरमन म्हणाले, मांड. मग हे म्हणाले, शेडच्या मधल्या तुळईला झेंडूचं तोरण दरवर्षी बांधायचं राहतं. ते मी ह्या शिडीवरून बांधतो.

“खंडेनवमीला हत्यार वापरत नाहीत.”

“तोरण बांधणं काम नव्हे, साहेब. पूजेतच येतं ते.”

फोरमननी बराच वेळ ह्यांच्या पायाकडे पाहिलं म्हणे. मग म्हणाले, “बांध. मी खाली उभा राहीन. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर टूलरूम सोडायचं बोलायचं नाही, कधीच.”

त्या रात्री ह्यांना नीट झोप लागली. मला लागली नाही.

शेडमध्ये मी पहिल्यांदाच गेले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत गार आणि मोठी शांतता. यंत्रं बंद, सगळीकडे झेंडू, उदबत्तीचा धूर वर जाऊन छपरातल्या काचेच्या पट्ट्यांतून येणाऱ्या उन्हात थांबलेला. कामगारांच्या बायका हळू बोलत होत्या. लेथला, ड्रिलला, वजनकाट्याला गंध लावलेलं. टूलरूमचे पाने चटईवर ओळीने मांडलेले, झोपवलेल्या मुलांसारखे. मालकीण माझ्याबरोबर आली होती. ती म्हणाली, “देवळाहून मोठं हाय की गं.” मिस्त्रींनी आपला हातोडा आणला होता, तोही चटईवर होता. ते स्वतः मात्र शिडीपाशी उभे होते, कारण दोर त्यांनीच सांभाळायचा असं ठरलं होतं.

हे चढायला लागले. खांद्यावर तोरण होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, पोटरीकडे बघत होते. ती थरथरत होती. घोड्याच्या माथ्यापर्यंत थरथरत होती. तिथून पुढे मधली शिडी, जिच्यावर आजवर फक्त वाळू गेली होती. तिथे ते थांबले. तोरणातल्या दोन पाकळ्या सुटून खाली आल्या, फार सावकाश. मग दुखरा पाय मधल्या शिडीच्या पायरीवर पडला, मग दुसरा, आणि ते त्या थांबलेल्या धुरात गेले. खालून आता फक्त पाय दिसत होते.

इकडे पूजा चालूच होती. फोरमन मुख्य यंत्रासमोर होते, पण नजर वर. आरती झाली. एक वयस्क कामगार नारळ हातात घेऊन हुकमाची वाट बघत उभा होता. नारळ फोडा असं आपण म्हणत नाही. फुटणं, विझणं, संपणं असले शब्द शुभ वेळी तोंडात येऊ देत नाहीत. फोरमननी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, “हं. वाढवा.”

मिस्त्रींनी दोर ओढला.

त्यांचे डोळे मिटलेले होते, दुसरा हात छातीशी होता. पावसाळाभर त्या हाकेला त्यांच्या हाताने जे केलं होतं तेच हाताने केलं, त्यांना न विचारता. मी बघितलं. दोर ताठ झाला, तारेसारखा. त्याच वेळी नारळ दगडावर आपटला आणि पाणी उडालं, सगळ्यांनी तिकडे बघितलं. शिडी होती तिथेच होती. मधल्या शिडीची पायरी खटक्याच्या खाचेत तशीच बसलेली. वर दोन पाय स्थिर, एक टाच किंचित उचललेली, कारण हे तोरणाची दुसरी गाठ मारत होते.

मिस्त्रींनी डोळे उघडले आणि आपल्या हाताकडे पाहिलं. दोर सोडला. मग ते खाली, चटईच्या कडेला, पान्यांच्या शेजारी बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

हे उतरले. घाम फुटला होता, पण तोंड हसरं होतं. फोरमन काही बोलायच्या आत मिस्त्री उठले.

“भाऊ, मी दोर ओढला.”

“कधी?”

“तुम्ही वर होता तेव्हा. साहेब नारळाला वाढवा म्हणाले, आणि मी ओढला. पुरा ओढला. मला माफ करा.”

फोरमननी मिस्त्रींकडे पाहिलं, मग हातातल्या नारळाच्या भकलाकडे, आणि काय झालं ते त्यांना कळलं. ते इतके पांढरे पडले की मला वाटलं आता हे कायमचे टूलरूममध्येच बसणार. ह्यांनी दोर हातात घेतला. खटक्यापाशी वाकून खाच बघितली, अंगठ्याने चाचपली.

“नेहमीएवढाच ओढलात?”

“नेहमीएवढाच.”

“मला काहीच कळलं नाही,” हे म्हणाले. एखाद्याने चांगली बातमी सांगावी तसे. मग कुणाला न विचारता पुन्हा चढायला लागले. ह्या वेळी तोरण नव्हतं, काही कारणच नव्हतं. मी सवयीने पोटरीकडे बघितलं. ते इतक्या झरझर गेले की काही दिसलं नाही. अगदी वर जाऊन त्यांनी एक हात तुळईला लावला आणि खाली बघून म्हणाले, “मिस्त्री, ओढा.”

“नाही ओढणार.”

“ओढा हो. आता मला कळू दे.”

मिस्त्रींनी फोरमनकडे बघितलं. फोरमन हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मिस्त्रींनी दोर ओढला, आधी भीत भीत, मग दोन्ही हातांनी, मग टाचा रोवून. शेडमध्ये कुणी हलत नव्हतं. हे वर उभे होते, दोन्ही हात सोडून, जणू विहिरीच्या काठावर पाणी बघत उभे आहेत. माझ्या शेजारी मालकीण पुटपुटली, “बास करा म्हनावं आता. दिसलं की समद्यास्नी.”

फोरमननी नारळाचं भकल दुसऱ्या हातात घेतलं. पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत गेलं होतं, ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. वर बघत ते म्हणाले, “वर आहेसच, तर त्या मधल्या दिव्याची काच पूस. कारखाना सुरू झाल्यापासून कुणी ती पुसलेली नाही.”

कुणी हसलं नाही. खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत, हे फोरमननीच सांगितलं होतं. त्यांना ते आठवलं असावं, कारण त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि घसा खाकरला. पण शब्द परत घेतला नाही.

ह्यांच्याजवळ फडकं नव्हतं. मी प्रसादाचं खोबरं बांधून घेण्यासाठी आणलेला पंचा वर फेकला. पहिल्यांदा खाली पडला. दुसऱ्यांदा त्यांनी झेलला. काच पुसायला लागले तशी धूळ सुटली आणि उन्हाच्या पट्ट्यांतून खाली येत राहिली, झेंडूवर, लेथवर, फोरमनच्या टोपीवर, आमच्या खोबऱ्याच्या ताटावर. बायकांनी पदर तोंडावर घेतले. मी ताट उचलून बाहेर नळावर नेलं आणि खोबरं धुऊन घेतलं. परत आले तेव्हा हे अजून वरच होते, आता शेजारच्या दिव्याकडे वाकून, आणि फोरमन खालून त्यांना सांगत होते की सोमवारी त्या टोकाची लाईन तुलाच तपासायची आहे, पान्यांचा संच आधीच काढून ठेव.